खेळातून कायमची सूट

१२ जानेवारी, शुक्रवार. येन्नायर.

आमचं जुनं नवं वर्ष. माझ्या बायकोने, हूरियाने, परातभर अक्रोड, बदाम, अंजीर आणि चॉकलेटं मांडली. नेसरीनने सहा बदाम मोजून घेतले आणि चॉकलेटं माझ्याकडे सरकवली. मी चार खाल्ली. पोरीच्या डोळ्यांदेखत. वर्षाची सुरुवात ही अशी.

बुधवारी डॉ. तसादितबाईंकडे गेलो होतो. रक्तातल्या साखरेचा तीन महिन्यांचा आकडा ९.४. हवा होता सात. बाई म्हणाल्या, सतरा वर्षांची धडधाकट मुलगी आहे, हिला रोज पळवा, सगळं इन्शुलिननेच कसं भागेल? मग नेसरीनला विचारलं, शाळेत खेळाच्या तासाला काय करतेस? नेसरीनने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या तळपायाच्या चित्राकडे बघितलं.

तिला खेळातून सूट आहे, मी म्हणालो. कुणी दिली, बाईंनी विचारलं. शाळेने, मी म्हणालो.

साफ खोटं. सूट मी आणली. दोन वर्षांपूर्वी, ओळखीच्या एका डॉक्टरकडून. 'कायमची' हा शब्द मी आग्रहाने घालून घेतला. अर्जावर सही माझी. सही खरी असल्याचा शिक्का नगरपालिकेचा, आणि तोही मीच मारला, कारण त्या काउंटरवर बसतो मीच. इतकं पक्कं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

या वर्षी तिची बाकालोरिया, शाळेची शेवटची मोठी परीक्षा. त्यात खेळाचीही परीक्षा असते. धावणं, उडी, गोळाफेक. त्याचे गुण निकालात धरतात. नेसरीनला ती द्यायची आहे. सप्टेंबरात एकदाच विचारलं होतं तिने. मी 'बघू' म्हणालो. नावं द्यायची शेवटची तारीख १५ मार्च.

संकल्प: रविवारी शाळेत जायचं, मुख्याध्यापकांना भेटायचं, सूट रद्द करायची. दहा मिनिटांचं काम.

१४ जानेवारी, रविवार.

जमलं नाही. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस, जन्मनोंदणीला ही रांग. लोकांना मुलं होतात त्याला मी काय करणार? मंगळवारी नक्की.

१६ जानेवारी, मंगळवार. दुपारी ४.

शाळेच्या फाटकापर्यंत गेलो. आत मैदानावर खेळाचा तास चालला होता. नेसरीन पायरीवर बसलेली. मांडीवर सगळ्या वर्गाचे कोट, दोन्ही मनगटांवर मैत्रिणींची घड्याळं. पाचवीत असताना ही पोरगी गल्लीतल्या मुलग्यांना मागे टाकायची.

परत आलो. मुख्याध्यापकांना काय सांगणार होतो? दोन वर्षांत बरी झाली? कागद खोटा होता? नगरपालिकेचा माणूस मी.

१८ जानेवारी, गुरुवार.

वहीत तरी खरं लिहावं. ही वही कुणी वाचत नाही.

साखर धसक्याने होते हे आमच्या मोस्तागानेम शहरात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. कुणाला अपघाताच्या धसक्याने झाली, कुणाला भाऊ गेल्याच्या. हूरियाच्या मावशीला तर कुत्रा अंगावर आला म्हणून झाली. नेसरीनला झाली तेव्हा सगळे विचारायचे, पोरीला कसला धसका बसला होता का? मी म्हणायचो, छे, कसला धसका.

त्या उन्हाळ्यात, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आम्ही समुद्रात पोहत होतो. ती माझ्या पुढे. खूपच पुढे. मला धाप लागलेली, आणि पंधरा वर्षांच्या पोरीकडून हरायची लाज वाटत होती. मी ओरडलो, शार्क! नेसरीन, मागे शार्क! ती किंचाळली, नाकातोंडात पाणी गेलं, खोकत खोकत काठाला लागली. मी पोट धरून हसलो. तीन आठवड्यांनी ती हॉस्पिटलात होती.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. हूरियाला नाही. इमामाला नाही. तेव्हापासून तिने पळू नये, दमू नये, दचकू नये एवढंच मी बघतो. फोनची रिंगसुद्धा बारीक ठेवली आहे.

२० जानेवारी, शनिवार.

सुचलं! शाळेची गरजच काय? व्यायाम घरी. माझ्या देखरेखीखाली. धोका शून्य.

पट्टीने रेघा मारून तक्ता केला. तारीख, आधीची साखर, मजले, नंतरची साखर, शेरा. आमची इमारत पाच मजली, आम्ही तिसऱ्यावर. रोज संध्याकाळी सहाला जिना. तक्ता फ्रिजवर लावला. हूरियाने वाचला आणि म्हणाली, मोख्तार, हा तक्ता पोरीसाठी की नगरपालिकेसाठी?

मी दुर्लक्ष केलं. मोठ्या कामांना घरातूनच विरोध होतो.

२१ जानेवारी, रविवार.

दहाला कॉफीला गेलो, सव्वाअकराला परतलो (रांग नव्हती). शेजारच्या काउंटरवरचा सी लराबी ('सी' म्हणजे आमच्याकडचं 'राव') कधी नव्हे तो गप्प. हूरिया येऊन गेली म्हणे, बाजारात जाता जाता. काय काम होतं, घरी विचारलं. म्हणाली, तुझं तोंड बघायला आले होते, तेही जागेवर नव्हतं.

शाळेत पुढच्या आठवड्यात जाईन.

संध्याकाळी पहिला जिना. माझ्या खांद्यावर पिशवी: साखर मोजायची दोन यंत्रं, ज्यूसचे चार डबे, साखरेच्या वड्या, मध, खजूर, टॉवेल. साखर १.३० (लिटरमागे ग्रॅम), म्हणजे उत्तम. तरी खबरदारी म्हणून तीन खजूर खायला लावले. चौथ्या मजल्यावर मी बसलो. नेसरीन माझी पिशवी घेऊन वरखाली तीनदा जाऊन आली. नंतरची साखर २.६०.

शेरा: जिन्याने साखर वाढते. डॉक्टरीणबाईंना हे माहीत नसावं.

२९ जानेवारी, सोमवार.

खजूर तीनवरून दोनवर आणले. नेसरीन म्हणाली, बाबा, एकही नको, साखर चांगली आहे. मी म्हणालो, चांगली आहे म्हणूनच. ती हसली आणि खाल्ले. गुणी पोर. काही मागत नाही, काही बोलत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

माझे गुडघे दुखतात. आता मी खालच्या पायरीवर बसून नियंत्रण करतो.

६ फेब्रुवारी, मंगळवार.

दोनच मजले, खजूर खाऊन, तरी साखर ०.६४! ०.७० च्या खाली म्हणजे धोका. ज्यूस दिला. अर्धा मी माझ्याच बाहीवर सांडला, उरलेला तिने निवांत प्यायला. परवा रविवारीही असंच झालं. त्याआधीच्या मंगळवारीही. म्हणजे रविवारी आणि मंगळवारी साखर घसरते. बाकी दिवस ठीक.

सी लराबीला विचारलं. त्याला वैद्यकातलं कळतं. त्याने एकदम खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, वारा असेल.

वारा! मी शेऱ्यात लिहिलं.

यावरून एक सिद्ध होतं. दोन मजल्यांनी ही अवस्था, तर मैदानावर आठशे मीटरने काय झालं असतं? सूट आणली ते चुकलं नाही, असं म्हणायला जागा आहे. (हे लिहिताना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.)

२५ फेब्रुवारी, रविवार.

नेसरीनच्या बुटांचे तळ झिजलेत. जिन्याने बूट इतके झिजतात हे मला माहीत नव्हतं. नवे घ्यायला हवेत. हूरिया म्हणाली, घे, चांगले धावायचे घे. मी म्हणालो, जिन्याला धावायचे कशाला? तिने कांदा जरा जोरात चिरला.

आज पुन्हा ०.६६. वारा नव्हता.

१५ मार्च, गुरुवार. रात्रीच्या जेवणाआधी.

शेवटची तारीख. साडेतीनला निघालो. वाटेत कारंतिकावाला दिसला. गरम होती. उभ्याने खाल्ली. मग हात धुवायला गेलो. शाळेपाशी पोचलो तेव्हा चार वाजून दहा मिनिटं, फाटकाला कुलूप, उद्यापासून वसंताची सुट्टी. शिपाई म्हणाला, काही तातडीचं आहे का? मी म्हणालो, नाही.

नाही म्हणालो. हे मी लिहून ठेवतो आहे. चण्याच्या पिठाच्या वडीपायी नव्हे, पाय उचलत नव्हता म्हणून. त्या ऑफिसात मला कुणी विचारलं असतं की का आणली होती सूट, तर मी रडलो असतो.

घरी सांगितलं, उशीर झाला, नावं बंद झाली. नेसरीन म्हणाली, असू दे बाबा. हूरियाने तिच्याकडे बघितलं. दोघी फारच शांत. या शांतपणापेक्षा थोबाडीत मारली असती तर सोसवलं असतं.

२८ मार्च, बुधवार.

सुट्टीत एकदाही रविवार-मंगळवारची घसरण नाही. हवामान बदललं असावं.

११ एप्रिल, बुधवार.

७.६!!

तसादितबाईंनी कागद दोनदा बघितला. म्हणाल्या, हे कसं जमवलंत? मी तक्ता पुढे केला. घडी घालून खिशात नेला होता. बाईंनी चष्म्यावरून वाचला. म्हणाल्या, हे एवढे मजले आणि एवढे खजूर यातून ७.६ येत नाही, पण कुणीतरी फार मेहनत घेतंय. मी नम्रपणे मान खाली घातली. नेसरीन तळपायाच्या चित्राकडे बघत होती.

खजूर बंद करा, बाई म्हणाल्या. घाबरून खायला घालू नका.

घाबरून? मी? उद्यापासून खजूर बंद, मजले दुप्पट. परीक्षा नाही देता आली तर नाही. तिचं शरीर मी घडवीन. अपराधाचं ओझं निम्मं तरी उतरल्यासारखं वाटतंय.

१७ एप्रिल, मंगळवार. रात्री लिहितोय. झोप नाही.

सहाला हाक मारली. ती म्हणाली, बाबा, आज नको, दमले. मी म्हणालो, तीन महिन्यांत एक रकाना रिकामा नाही, आणि आज आळस? साखर ०.९५. म्हणजे छान. खजूर नाही. सहा फेऱ्या, मी म्हणालो. तिने दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडे बघितलं. काही सांगणार होती. मग म्हणाली, बरं, आणि निघाली.

चौथ्या फेरीला खाली आली नाही. मी हाक मारली. पुन्हा मारली. गुडघे विसरून वर पळालो. ती वरच्या वळणावर भिंतीला टेकून बसली होती, चेहरा ओला आणि राखेसारखा. मी म्हणालो, नेसरीन. ती म्हणाली, घड्याळं कुणाची आहेत? डोळे माझ्यावर होते पण मी तिला दिसत नव्हतो.

पिशवी माझ्या खांद्यावर होती. त्यात चार डबे ज्यूस. मला स्ट्रॉचं प्लास्टिक फाडता येईना. दातांनी फाडलं, स्ट्रॉ खाली पडली. मी हूरियाच्या नावाने टाहो फोडला. ती अनवाणी आली, मला बाजूला ढकललं, डबा कोपऱ्यातून कापला (कात्री हातातच होती, शिवत होती) आणि थेंब थेंब पाजला. ०.३८. पंधरा मिनिटांनी ०.७१. मग नेसरीनने मला ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलली, बाबा, तुम्ही घाबरू नका.

मी म्हणालो, चार फेऱ्यांत असं कसं झालं?

हूरिया फुटली. जिन्यातच. चार फेऱ्या? ती आज शाळेत दीड तास धावून आलीय! आठशे मीटर तीनदा! दर रविवारी आणि दर मंगळवारी धावते, जानेवारीपासून!

१८ एप्रिल, बुधवार.

ऑफिसला गेलो नाही. हूरियाने सगळं सांगितलं. भांडी घासत, माझ्याकडे पाठ करून.

सूट तिने रद्द करून घेतली. आईची सही चालते. ती सही साक्षांकित केली सी लराबीने, २१ जानेवारीला, मी कॉफीला गेलो असताना, माझ्यापासून दोन हातांवर. नाव दिलं, परीक्षा पुढच्या बुधवारी. खेळाच्या मास्तरांना माहीत आहे, नर्सबाईंना माहीत आहे. नेसरीन धावायच्या आधी साखर बघते, पाव खाते, मधे बघते, नंतर बघते. शाळेत एकदाही पडली नाही. धावलं की पुढचे कितीतरी तास साखर उतरत राहते, हे मास्तरांना ठाऊक आहे, वर्गातल्या मुलींना ठाऊक आहे. मला नव्हतं. मी वारा लिहीत होतो.

मला का नाही सांगितलं? हूरिया म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी दुसरा शिक्का घेऊन आला असतास.

खरं आहे. आलो असतो.

मग जिना कशाला चढायची ती? हे मी विचारायला नको होतं. हूरियाने नळ बंद केला. म्हणाली, ती म्हणायची, बाबांना त्यातून बरं वाटतं, चढते मी.

तीन महिने. ८७ संध्याकाळी. मी तिला व्यायाम देत होतो असं समजत होतो, आणि ती मला औषध देत होती. काल त्या औषधापायी ती माझ्या पायरीवर मेली असती. तिला खरं सांगता आलं नाही, कारण खरं ऐकणारा बाप तिच्या घरी नव्हता.

२० एप्रिल, शुक्रवार.

नमाजाहून आल्यावर नेसरीनच्या खोलीत गेलो. बसलो. शार्कबद्दल सांगितलं. सगळं. तुझी साखर माझ्यामुळे, म्हणालो. मला माफ कर, म्हणालो. हे वाक्य दोन वर्षं आठ महिने घशात होतं.

तिने पुस्तक मिटलं. म्हणाली, बाबा, मी जूनपासून रात्री उठून पाणी पीत होते. बाटल्या पलंगाखाली लपवायचे. समुद्राच्या आधीपासून. आणि डॉक्टर म्हणतात, धसक्याने होतच नाही.

पण तू किंचाळलीस, मी म्हणालो.

तिने मिटलेल्या पुस्तकात पेन्सिल खूण म्हणून सारली. मग म्हणाली, तुम्ही दरवर्षी शार्क ओरडायचात. कुणीच घाबरायचं नाही. त्या दिवशी तुम्ही फार मागे राहिला होतात, दमला होतात, मला वाईट वाटलं. म्हणून किंचाळले. पाणी नाकात गेलं ते खरं.

 मग तिने पुस्तक उघडलं म्हणून उठलो.

हलकं वाटायला हवं. जे केलंच नव्हतं त्यासाठी मी इतकी वर्षं झुरलो, मनातल्या मनात कान धरून उठाबशा काढल्या. आणि जे केलं, सहीशिक्क्यानिशी, त्याबद्दल स्वतःला प्रेमळ बाप म्हणवून घेतलं. दोन वर्षं ती कोट सांभाळत बसली. ती वर्षं कुठल्या काउंटरवर परत मिळतात?

२३ एप्रिल, सोमवार.

तिला विचारलं, परवा मी येऊ का बघायला? पिशवी आणणार नाही. तोंडातून अवाक्षर काढणार नाही. लांब, भिंतीपाशी उभा राहीन.

नेसरीनने विचार केला. लगेच नाही म्हणाली नाही, ही तिची चांगुलपणाची पद्धत. मग म्हणाली, नको बाबा. तुम्ही असलात की मी तुमच्याकडे बघत राहते.

२५ एप्रिल, बुधवार.

नऊपासून काउंटरवर. एका माणसाला त्याच्या जिवंत वडिलांचा मृत्यूचा दाखला देऊन बसलो. तो ओरडला, सी लराबीने मिटवलं. लराबीशी मी बोलत नाही. म्हणजे बोलतो, पण तुटक. राग त्याच्यावर धरायचा हे सोपं पडतं.

११.४० ला हूरियाचा फोन. तिला नेसरीनचा आला होता. आठशे मीटरमध्ये मुलींत चौथी. वीसपैकी साडेपंधरा. साखर आधी १.४०, नंतर १.०५. आता मैत्रिणींबरोबर खायला गेली आहे.

मी म्हणालो, काय खाणार आहे? हूरियाने फोन ठेवला.

संकल्प: असं विचारायचं नाही.

३ मे, गुरुवार.

दुपारी काउंटरवर एक माणूस आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, डोळे न झोपल्यासारखे. अर्ज सरकवला. मुलगी, वय तेरा, साखर, दोन महिन्यांपूर्वी निघाली. खेळातून कायमची सूट मिळावी. सहीवर शिक्का हवा होता.

मी शिक्का उचलला आणि खाली ठेवला. म्हणालो, भाऊ, हे करू नका. माझ्या मुलीलाही आहे. ती आठशे मीटर धावते, गेल्या आठवड्यात परीक्षेत चौथी आली. तो म्हणाला, आणि पडत नाही? मी म्हणालो, आधी बघते, खाते, मग धावते, मास्तरांना सांगून ठेवते. सगळं सांगितलं. मागची रांग कुरकुरत होती, तरी सांगितलं. माणूस ऐकत होता. खरंच ऐकत होता. अर्जावरची त्याची पकड सैल झाली होती.

मग त्याने विचारलं, धावताना कशी दिसते हो ती? चेहरा पांढरा पडतो का? श्वास लागतो? तुम्हाला बघवतं?

खोटं बोलता आलं असतं. त्याच्या मुलीसाठी बोलायलाच हवं होतं, असं आता वाटतंय. आयुष्यभर नको तिथे बोललो.

मी म्हणालो, मी तिला धावताना बघितलेलं नाही.

त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं. माफ करा, म्हणाला, अर्ज उचलला आणि शेजारच्या काउंटरवर गेला. लराबीने माझ्याकडे बघितलं, मी मान फिरवली, आणि त्याने शिक्का मारला.